उलटे आकडे

कांदालाक्शाच्या त्या तळघरात
कापितोलिना येगोरोव्ना काचेच्या मागे उभी राहायची.
पुढे साहेबलोक. मागे ती, कानावर हेडफोन,
बोटांत तीन रंगांच्या मेणपेन्सिली,
आणि लिहायचं ते सगळं उलटं,
पुढून सुलट दिसावं म्हणून.
तीनचं पोट डावीकडे, सातची मान भलतीकडे.
पंधरा वर्षं लिहिलं. चुकली नाही.

दूरच्या रडारवरचा पोरगा झोपाळू आवाजात सांगायचा:
दिशा इतकी, अंतर इतकं, उंची कळत नाही.
ती ठिपका काढायची, ठिपक्याला शेपूट जोडायची.
तोवर दीड मिनिट सरलेलं,
विमान वीस-बावीस किलोमीटर पुढे.
काचेवर असायचं ते नेहमी शिळं आकाश,
आणि कर्नल त्या शिळ्या आकाशावर हुकूम सोडायचे.

ते दीड मिनिट खाऊन टाकायला
आम्हाला मिन्स्कहून धाडलं होतं.
लोखंडी कपाटं, आत हजारो व्हॉल्व्ह,
दार उघडलं की चेहरा भाजायचा;
बाहेर उणे तीस, आत आम्ही बनियनवर.
भटारखान्यातली मांजर कपाटावरच व्याली.
एखादा व्हॉल्व्ह जळायचा, एखादा ठिपका विझायचा,
मी धावायचो. काचेमागून ती म्हणायची,
"तुझं विमान पडलं वाटतं, पोरा."

दोन हिवाळ्यांत दीड मिनिटाचे दहा सेकंद झाले.
मग ट्रान्झिस्टर आले. कपाटाची पेटी झाली,
मांजरीने ऊब दुसरीकडे शोधली.
मग पडद्यावर ठिपका आपला आपण चालू लागला,
स्वतःचा वेग सांगू लागला,
शेवटी तर कोणती तुकडी उडवायची तेही सुचवू लागला.
मला पदक मिळालं. ड्रॉवरमध्ये आहे, स्क्रूंच्या डबीशेजारी.

हे मात्र आमच्या कुठल्याच आराखड्यात नव्हतं,
की त्या दीड मिनिटात कर्नल चष्मा पुसायचे,
कुणीतरी म्हणायचं, "रानहंस असतील,"
आणि एकदा खरंच रानहंस होते.

काच उतरवली त्या दिवशी तिने ती पुसली नाही.
अर्ध्या आकाशासकट गोदामात गेली.

आता ती स्टेशनमागे राहते, तळमजल्यावर.
रविवारी मी जातो. खिडकीला आतून वाफ धरलेली.
मी फाटकाशी दिसलो की ती बोटाने लिहिते,
घाईघाईने, उजवीकडून डावीकडे,
आणि बाहेर बर्फात उभा राहून मी सरळ वाचतो:
बूट झटकून ये. पाव आणलास का?