तिसरी पुकार

पेटीची काळी चार
दर शनिवारी मुकी कशी व्हायची
हे देवाला ठाऊक, नाहीतर आमच्या सलोमीला.

मग मूर्तिजापूरहून अमोस यायचा फटफटीवर,
दहा मिनिटांच्या कामाला
दिवेलागण करायचा.
मी मंडळीचा खजिनदार. लिहायचो: दुरुस्ती, दीडशे.
सहा वेळा लिहिलं,
सहाही वेळा तोंड वाकडं करून.

आज देवळात तिसरी पुकार.
"कोणाची हरकत?"
लाइन गेलेली, पंखे गप्प.
हात वर झाला. माझ्याच बायकोचा!
"हरकत नाही जी. पण मंडळीचे नऊशे
आधी दानपेटीत टाक म्हणा जावयाले."

अमोस उठला. खिसा उपडा केला:
चिल्लर, पेचकस,
आणि पेटीतून निघालेले
मोहरीचे सहा दाणे.

सलोमी भजनाच्या पुस्तकाआड.
पाळकबुवा माझ्याकडं बघत म्हणाले,
"डोंगर हलला म्हणायचा."