वाचेल का

यमुल शेठनी डिस्क टॉवेलात गुंडाळून आणली,
त्यांच्याच कारखान्याचा टॉवेल, कडेचे दोरे अजून सुटे.
टेबलावर ठेवून म्हणाले, वाचेल का?
बघते म्हटलं.
अशोक चौकात, एप्रिलच्या दुपारी तीनला,
हा प्रश्न लोक दोन्ही अर्थांनी विचारतात
आणि दोन्हींचं एकच उत्तर मागतात.

पुतण्याने रविवारी सिस्टीम नवी केली.
सोमवारी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं,
आणि एमआयडीसीत सहा माग डिझाईनची वाट बघत उभे.

कान लावला.
टक्. थांबून, टक् टक्.
"धोटा अडकल्यासारखं," शेठ म्हणाले.
मी काही बोलले नाही. तसंच होतं.

आधी वाटण्या पाहिल्या.
चार भाग, चारही जागच्या जागी.
फक्त नव्या सिस्टीमने नंबर फिरवले होते,
पहिली डिस्क दुसरी, दुसरी पहिली,
आणि जुनी यादी जुन्याच दारावर उभी राहून हाका मारत होती.
घरकुलात पाट्या बदलल्या तेव्हा
आईच्या विडी-पेन्शनचं पत्र
महिनाभर गड्डमांच्या खिडकीत पडून होतं.
मी यादीतले नंबर खोडले,
प्रत्येक भागाचं लांबलचक खरं नाव लिहिलं,
जे सहसा बदलत नाही
आणि कुणाला पाठही नसतं.

मशीन उठलं. शेठही उठले.
बसा म्हटलं.
टक् चालूच होतं.

मग रात्रभर नक्कल.
तिच्यावर काही लिहायचं नाही, काही सुधारायचं नाही,
नुसतं वाचायचं.
सहज देईल ते आधी घ्यायचं,
अडेल तिथून उडी मारून पुढे जायचं,
मग शेवटाकडून उलट येत
तेच पुन्हा विचारायचं, हळू,
आजारी माणसाला विचारतात तसं.
फॅन पूर्ण तिच्याकडे वळवलेला. मी घामात.

पहाटे आकडा थांबला:
चारशे शहाण्णव सेक्टर मुके.
एवढ्या मोठ्या डिस्कमध्ये काहीच नाही, खरं तर.
पण सगळे एकाच फाईलमध्ये.
डबलबेडचा मोर.
पिसारा आहे, पाय आहेत,
मानेच्या जागी राखाडी पट्टी.

शेठनी चष्मा काढला, पुसला, रिक्षा केली.
तासाभराने आले ते काखेत चादर घेऊन,
त्या मोराची पहिली चादर, राजव्वाच्या अंगावरची.
"झोपेतून ओढून काढली," म्हणाले,
"घरी आता जेवण नाही."
फरशीवर पसरली. एका कोपऱ्यात शेंगाचटणीचा जुना डाग.
गुडघे टेकून मानेवर भिंग धरलं
आणि धागे मोजू लागले, तेलुगूत,
ओकटि, रेंडु, मूडु,
मी पडद्यावर एकेक चौकोन भरत गेले.
शेजारचा झेरॉक्सवाला हबीब दारात उभा राहिला
आणि शटर उघडायचं विसरला.

दुपारपर्यंत मान आली.
एका ओळीत कुणाचं तरी चुकलं,
त्यांचं मोजणं किंवा माझं भरणं,
मोर किंचित डावीकडे बघू लागला.
पुसायला गेले तर म्हणाले,
"राहू दे. इतकी वर्षं समोरच बघतोय."

हबीबने विचारलं, वाचली का?
डिस्क नाही, म्हटलं.

निघताना शेठना बजावलं:
दोन नकला ठेवा, एक दुसऱ्या घरी,
आणि ही चादर, काहीही झालं तरी,
मशीनमध्ये धुऊ नका.