करंगळी

तवंदी घाटाच्या अलीकडं, जिथं तंबाखू वाळत पडायचा,
तिथं आता लांबच लांब पांढरी भिंत.
आत फोनचे बारके अवयव.
शिफ्टची बस निपाणी स्टँडवरून पाच चाळीसला,
मागच्या सीटवर आम्ही सहा जणी,
परवापर्यंत मांडीवर सूप घेऊन बसणाऱ्या.

परीक्षा बोटांची होती.
चिमट्यानं तिळाएवढा स्क्रू उचलायचा, भोकात बसवायचा,
शंभर वेळा, घड्याळ लावून.
चिकोडीच्या डिप्लोमावाल्या पोराचे सत्तर झाले.
मी पानाची घडी मारायच्या हिशेबानं गेले,
वेळ उरला म्हणून चिमटा पुसून ठेवला.

आईनं विचारलं, हजाराला किती?
तसं नसतंय गं, महिन्याचा पगार.
ती गप्प. मग : आणि छाट?
आहे की. लाल डबा.
फक्त इथं छाट काढणारा दिसत नाही,
वर कॅमेरा आहे. त्याच्याशी भांडता येत नाही.

पहिल्या दिवशी गेटवर मशीननं मला ओळखलं नाही.
अंगठा ठेवला. लाल.
ओढणीला पुसून ठेवला. लाल.
वॉचमन म्हणाला, इन्नोंद्सल.
लाल.
चौथीपासून पान, कात्री, दोरा.
रेषा कधी गेल्या, कळलंच नव्हतं.
इतकी वर्षं दोन राज्यं आमच्या गावावरनं रेघ ओढतायत
आणि माझ्या अंगठ्यावर एक उरली नव्हती.

मागं लाईन तुंबली. शाहीन म्हणाली, रडू नकोस, बस चुकलेली नाही अजून.

मग थुई मॅडम आली, व्हिएतनामहून आमची लाईन शिकवायला आलेली.
तिला मराठी नाही, कानडी नाही,
हिंदीतलं ‘जल्दी’ तेवढं येतं.
तिनं माझा हात उलटा केला,
मग स्वतःचा अंगठा माझ्या डोळ्यांपुढं धरला :
गुळगुळीत. घासलेल्या चाराण्यागत.
खिशातनं एक काजू काढला,
फोडायची खूण केली, मग भाजल्याची, फू फू.
टरफलाचं तेल. खानापूरच्या मावशीचे हात असेच.
काजू तिनं मला दिला. मी खाल्ला.
एवढंच बोलणं झालं आमचं.

शेवटी तिनं माझी डावी करंगळी दाबली काचेवर.
हिनं जन्मात काही केलेलं नाही,
विड्या वळताना बाजूला उभी,
चहा पिताना वर.
हिरवा. ‘थँक्यू’, मशीन म्हणालं, बाईच्या आवाजात.

रविवारी आईला चार कट्टे वळू लागते.
कंपनी किती वर्षं राहील, कुणी सांगत नाही.
थुईलाही माहीत नसावं,
तिच्या गावातली लाईन बंद झाली म्हणतात.
आई माझ्या हाताकडं बघते :
ती का गं अशी लांब धरलीस?

मी म्हणते, तिला नको लावू,
ती कामाला जाते.