अनुरेखक

माझ्या पेनाचं टोक शून्य दशांश चार मिलिमीटर.
नकाशाचं प्रमाण एकास अडीच हजार.
गुणून बघा.
म्हणजे रेघ कुठून जाते हा वाद बाजूला ठेवला
तरी रेघेची जाडीच जमिनीवर एक मीटर.

एक मीटर म्हणजे फार नाही.
धायरीच्या अलीकडे सगुणा रायकरांचा ओटा,
त्यावरची शेगडी, खालचा सिलिंडर
आणि उभं राहायला जेमतेम जागा.

मी महापालिकेत अनुरेखक. एकतीस वर्षं.
शहर मी कधी रचलं नाही, गिरवलं.
घाम पडला की ट्रेसिंग पेपर फुगतो, म्हणून मनगटाखाली टिपकागद;
वाऱ्याने हलतो, म्हणून पंखा बंद.
तसल्या एका मे महिन्यात मी काढला
छत्तीस मीटरचा रस्ता,
पट्टी ठेवून, एका श्वासात.
तांबोळी साहेब म्हणाले, "नदीपासून डोंगरापर्यंत! वा."
सरळ रेघ दिसली की माणूस उगाच आनंदतो.

मग हरकती आल्या, सूचना आल्या,
सुनावणीला लोक डबे घेऊन आले.
मग मुख्य सभा, रात्री पावणेबारा,
"उपसूचनेसह मंजूर, मंजूर, मंजूर."
उपसूचना कुणी वाचून दाखवली नाही.
सकाळी ती माझ्या टेबलावर होती, दीड ओळीची,
आणि तिच्यात एक वळण होतं.

शाई ब्लेडने खरवडतात, हलक्या हाताने,
कागदाला भोक पडता कामा नये.
पडलं नाही.
रस्ता एका मोकळ्या रानाला वळसा घालून गेला,
जिथे बाभळींशिवाय काही नव्हतं,
आणि सगुणाबाईंच्या स्वयंपाकघरात शिरला.
साहेब या वेळी वा म्हणाले नाहीत.
चहा मागवला फक्त.

एका निवडणुकीत तो चोवीस मीटर झाला,
पुढच्या निवडणुकीत पुन्हा तीस.
दर अंदाजपत्रकात त्याच्या नावाने पैसे,
दर फेब्रुवारीत वर्गीकरण:
रस्त्याच्या पैशांची बाकडी झाली, बाकड्यांवर नावं,
कापडी पिशव्या झाल्या, पिशव्यांवर फोटो,
एक कारंजं झालं, ते उद्घाटनाला उडालं.
बाभळींच्या जागी अकरा मजले आले.
त्यांच्या जाहिरातीत ठळक होतं: प्रस्तावित रस्त्यालगत.

सगुणाबाईंना गळका पत्रा बदलायचा होता.
परवानगीच्या खिडकीतून सांगितलं,
तुमचं घर रस्त्यात आहे.
बावीस वर्षं त्या रस्त्यात राहिल्या,
एकही गाडी न जाता.

आता दोन्ही टोकांकडून डांबर आलंय. मधले तीनशे मीटर बाकी.
निवृत्तीनंतर एकदा गेलो, पीएमपीने, मग चालत.
डांबर जिथे एकदम संपतं
तिथे कुणी कोथिंबीर लावलीय.
दारावर लाल फुली, आकडा,
आणि आत, ओट्याच्या मधोमध, एक पट्टा.
मी कोण ते सांगितलं नाही.
नळाचं मीटर बघायला आलोय, असं वाटलं त्यांना.
चहा ठेवला. मग पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
"साहेब, पाडताना रेघेच्या अलीकडून मोजतात
का पलीकडून?"

एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
नियमात असेल कुठेतरी.
मी बघत राहिलो. पट्टा चार बोटं रुंद होता,
कुठल्यातरी घाईतल्या पोराने ब्रशने ओढलेला,
खाली ओघळ आलेले.
माझ्या रेघेला कधी ओघळ आला नव्हता,
असं मनात आलं.
कशाला आलं.