फोड

कूलरची टाकी धुवायला स्टुलावर चढले होते,
मे महिना, दुपारचे तीन.
पडल्याचा आवाज मला आलाच नाही,
मी अंगणात वाळ्याच्या ताट्या भिजवत होते.
उठले, हसले. "काही नाही वं, घसरलो."
दोन पोळ्या खाल्ल्या.
रात्री मला पंचफुला म्हणून हाक मारली.
पंचफुला त्यांची बहीण. वारून वीस वर्षं झाली.

मेडिकलमध्ये एका पोरसवदा डॉक्टरनं
फिल्म उजेडापुढे धरली.
कवटीच्या आत, डाव्या अंगाला, पांढरी फोड.
तीस वर्षं कळमन्यात संत्री निवडली मी,
फोड ओळखते.
एवढीशी तर आहे, म्हटलं.
तो म्हणाला, आत जागा कुठंय, मावशी?

सकाळी सहाला भोक पाडायचं ठरलं. सही केली.
न्हावी डोकं भादरून गेला,
केस मी पिशवीत ठेवले. का, ते विचारू नका.

सहाला थिएटर रिकामं नव्हतं,
उमरेड रोडला बस उलटली होती.
नवाला पुन्हा फोटो.
मोठे डॉक्टर निखाडे दोन्ही फिल्म शेजारी लावून
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "थांबू या."
त्या शब्दावर मी अकरा दिवस काढले.

पेन दाखवून विचारायचे, हे काय?
"ते... लिवाचं."
घड्याळ?
"वाजते ते."
आणि ह्या कोण?
उधारी मागायला आलेल्याकडे बघावं
तसे बघायचे माझ्याकडे.

झटक्याच्या गोळ्या, सलाईन. बाकी काहीच केलं नाही कुणी.
सांडलेलं रक्त अंगानंच टिपून घेतलं,
उन्हात फरशीवरचं पाणी जातं तसं.
नाही, तसं नाही.
ऊन निदान दिसतं तरी.
आत अंधारात कोण बसलं होतं पोछा घेऊन?
आणि शेजारच्या खाटेवरच्या
बुटीबोरीच्या पोराचं का नाही टिपलं त्यानं?
त्याची माय माझ्याच डब्यातलं जेवायची.
तिसरा फोटो साफ आला त्या दिवशी
मी तो पिशवीत खाली सारला, केसांच्याही खाली,
आणि तिला भात वाढला.

आता नोव्हेंबर. आंबिया बहार उतरलाय.
केस परत आलेत, पार पांढरे.
ओट्यावर बसून संत्रं सोलतात,
शिरा काढून एकेक फोड माझ्या हातावर ठेवतात.
"झालं काय होतं वं मले?"

"काही नाही जी," मी म्हणते,
"घसरले होते."