दाखला

रात्री अडीचला आणला कासम सोलकरला.
सोबत साहेब, आणि आधीच टाइप केलेला कागद :
अंगावर ताज्या जखमा नाहीत.

तळपाय केंड माशासारखे टम्म फुगलेले.
"खलाशी आहे, डॉक्टर. दोर लागतात."
तळपायांना दोर लागत नाहीत, एवढं
हर्णैत सात वर्षं काढून मला कळत होतं.
"आणि उद्या माल उतरला, स्फोट झाला, तर?"
त्या 'तर'वर मी सही केली.

माल उतरणार होता म्हणे पाजपंढरीखाली.
ओहोटीला तिथं निघाली
बर्फाची एक फुटकी पेटी.

आता लिलावात तो मला सुरमई निवडून देतो,
पावलांच्या कडांवर उभा राहून.
पैसे मोजून घेतो. बोलत नाही.

खरंच काही सापडलं असतं,
तर मला झोप लागली असती.
भीती त्याचीच वाटते.