रकाना क्रमांक सात

गंगाखेडच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. एकोणीस वर्षं टायपिंग.
'ळ'ची कळ अडकते,
म्हणून 'वेगळे' हा शब्द मी जरा जोरात मारतो.

मुंजाजी आला. संमतीचा अर्ज होता.
सातव्या रकान्यात लिहायचं असतं:
उभयता केव्हापासून विभक्त.
"अकरा मार्च. सोमवार. दहाच्या परळी गाडीनं गेली.
अचानक हो! सकाळी डबा भरून दिला,
शेंगदाण्याची चटणीसुद्धा होती डब्यात."
चटणीचं त्यानं दोनदा सांगितलं,
पुराव्यासारखं.

प्रयाग आली दुसऱ्या दिवशी,
भावाला लिंबाखाली उभं करून.
सातवा रकाना वाचला आणि हसली.
"ह्यांनी सांगितली तीच राहू द्या तारीख.
कोर्टाला तसलीच लागती."

मग पिशवी मांडीवर घेऊन,
मला नाही, टपरीकडं बघत म्हणाली:
"पोरगी बालवाडीत होती, तवा
दहावीचं सर्टिफिकेट पिठाच्या डब्याखालून काढून
ह्या पिशवीत ठिवलं.
पोरगी आता बारावीला हाय.
मधी ब्लाउज शिवले. पोस्टात खातं काढलं.
सासूचं वर्षश्राद्ध होऊ दिलं,
म्हातारी माझ्याशी चांगली होती.
आन् मग भांडायचंच सोडलं.
तर हे गावभर सांगू लागले, घरात आता शांतता हाय.
मारुतीला नारळ फोडला ह्यांनी."

रकाना बोटभर रुंद.
मी अकरा मार्च तसंच ठेवलं.
सहीला ती 'प्रयाग' लिहून थांबली,
पुढं काय लिवायचं, विचारलं.
मला सांगता येईना. वकिलाला विचारा म्हणालो.

त्या रात्री मी उशिरा घरी गेलो.
सत्यभामा काही बोलली नाही.
ओला टॉवेल पलंगावर टाकला, मुद्दाम.
तिनं उचलला, दोरीवर घातला.
चहात साखर कमी आहे म्हणालो, नव्हती तरी.
तिनं डबा पुढं सरकवला.

"तुला हल्ली राग येत नाही का गं?"
"कामून?" म्हणाली,
आणि ज्वारी निवडत राहिली.
खडा सापडला की परातीच्या काठावर ठेवायची,
नीट, एकाशेजारी एक.

खुंटीला तिची पिशवी होती.
तुटलेली चेन बदललेली दिसली.
कधी बदलली,
मला तारीख सांगता येणार नाही.